पितळेच्या भावात जाऊ देऊ नका : जुन्या ट्रॉम्बोनची पारख

भंगार आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात जे पितळी सामान येते त्यात हंडे, घंगाळी, समया यांच्या ढिगात कधी कधी एक लांब, दुहेरी नळीचे, पुढे भोंगा असलेले वाद्यही सापडते. बॅण्डवाले त्याला ट्रॉम्बोन म्हणतात. साध्या ट्रॉम्बोनचे वजन जेमतेम सव्वा ते दीड किलो भरते. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक दुकानदारांनी तो तराजूत टाकूनच घेतला आणि थोडा नफा धरून पुढे दिला. परदेशात मात्र या वाद्याच्या काही जुन्या नमुन्यांना नव्या वाद्याइतका, प्रसंगी त्याहून अधिक भाव मिळतो. याच्या उलटही घडते. वर सुंदर नक्षी, नाव मोठे, पॉलिश आरशासारखे. पण बॅण्डमध्ये नेऊन वाजवायला घेतले तर कुचकामी. म्हणजे एकीकडे विकणारा बुडतो, दुसरीकडे घेणारा बुडतो. जुन्या बाजारातील दुकानदार, डाख-झाळकाम करणारे कारागीर आणि बॅण्ड पार्ट्यांचे मालक यांच्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय या पानावर घ्यावासा वाटला.

एक खुलासा आधीच करतो. वाद्यसंगीताच्या जायज-नाजायजविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्याचा निवाडा करण्याची आमची लायकी नाही आणि हे त्याचे पानही नव्हे. ज्यांना या मालापासून दूर राहायचे असेल त्यांनी खुशाल राहावे. ज्यांच्या हाती हा माल येतोच, त्यांनी तो ओळखून घ्यावा आणि ओळखून द्यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. वाद्य वाजवणे आम्हाला येत नाही. परंतु थानावरचा शिक्का एक आणि आतला माल दुसरा, हा प्रकार आम्ही आयुष्यभर पाहिला आहे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर नामांकित मिलचा छाप मारलेले पॉवरलूमचे कापड किती वेळा आमच्यासमोर उलगडले गेले, त्याची गणती नाही. ट्रॉम्बोनच्या बाजारात शिरलो तेव्हा तेथेही हाच कारभार दिसला. फरक इतकाच की तेथे शिक्का बहुधा खरा असतो. मात्र त्या शिक्क्यामागचा कारखाना, मालक आणि गाव हे सगळे मधल्या काळात बदललेले असते.

नळीचा काउंट

ट्रॉम्बोनची रचना समजायला सोपी आहे. सुमारे नऊ फूट लांबीची नळी दुमडून हे वाद्य बनते. ट्रम्पेटवर बोटाने दाबायच्या कळी असतात. येथे त्याऐवजी नळीचा पुढचा भाग मागे-पुढे सरकतो, त्याला स्लाइड म्हणतात. स्लाइड आत घेतली की सूर चढा, बाहेर नेली की सूर खाली. तिच्या एकंदर सात जागा मानतात आणि त्या जागांवर खुणा नसतात; वादकाचा हात आणि कान यांनीच त्या सापडतात. काही वाद्यांना मागे अंगठ्याने चालणारी एक झडप व जादा नळीचे वेटोळे असते. खालचे सूर त्यामुळे सोपे जातात. ही सोय जर्मनीत लाइपझिगच्या साटलर या कारागिराने १८३९ मध्ये आणली.

कापडात जसा सुताचा काउंट, तसा ट्रॉम्बोनमध्ये बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. हा आकडा दिसायला क्षुल्लक आहे. अरुंद नळी अर्ध्या इंचाची किंवा त्याहून कमी असते. आजच्या मोठ्या वाद्यवृंदांत चालणारी रुंद नळी ०.५४७ इंचाची, म्हणजे जवळजवळ १४ मिलिमीटरची. दोहोंत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक. पण ऐंशी आणि चाळीस काउंटचे कापड जसे डोळे मिटून हाताला वेगळे लागते, तसा हा फरक वादकाच्या श्वासाला पहिल्या फुंकीत लागतो. अरुंद नळीला हवा कमी लागते, सूर चटकन उमटतो, आवाज धारदार आणि दूरवर जाणारा. रुंद नळी हवा भरपूर मागते, पण आवाज भरीव आणि गोल देते.

नळीनंतर पाहायचा तो पुढचा भोंगा, ज्याला बेल म्हणतात. त्याचे तोंड लहान वाद्यात सात-साडेसात इंच, मोठ्यात साडेआठ इंच, आणि खर्जाच्या ट्रॉम्बोनमध्ये त्याहूनही मोठे असते. पत्रा साध्या पिवळ्या पितळेचा असेल तर त्यात साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त; लालसर पितळेत तांब्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. काही बेल जर्मन सिल्व्हरचे, काही चक्क चांदीचे.

विलायती माल

आपल्या देशात जुना ट्रॉम्बोन मिळाला तर तो विलायती असण्याचा संभव अधिक. छावण्यांतील गोऱ्या पलटणींच्या बॅण्डबरोबर ही वाद्ये आली, आणि त्यांच्या दुरुस्तीतून व नकलेतून आपल्याकडील वाद्य-उद्योग उभा राहिला. बेलवर बोसी, हॉक्स किंवा बेसन अशी नावे कोरलेली दिसतील. त्यांवरून काळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बोसी आणि कंपनी व हॉक्स आणि सन ही दोन वेगळी घराणी होती. ती १९३० मध्ये एक झाली. तेव्हा नुसते बोसी किंवा नुसते हॉक्स असेल तर माल त्याआधीचा, दोन्ही नावे जोडून असतील तर नंतरचा. बेसनचे लंडनचे घराणे बोसी अँड हॉक्सने १९४८ मध्ये घेतले, पण बेसन हे नाव चालू ठेवले. म्हणजे बेसन वाचून एकच कारखाना समजण्याचे कारण नाही.

हे जुने विलायती ट्रॉम्बोन फार अरुंद नळीचे. इंग्रज वादक त्यांना थट्टेने वाटाणे उडवायची फुंकनळी म्हणत. हळू वाजवले तर आवाज हलका, स्वच्छ, जवळजवळ गाणाऱ्या माणसासारखा. जोर केला की तोच आवाज तडतडू लागतो, कापड टरकन फाटावे तसा. उघड्या मैदानात, मिरवणुकीत हा गुण आहे. चार ढोल-ताशांतूनही तो वर निघतो. बंद सभागृहात मात्र तो कानावर येतो. इंग्लंडच्या वाद्यवृंदांनीही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हळूहळू अमेरिकेची रुंद वाद्ये घेतली आणि ही जुनी बाजूला पडली.

या विलायती मालात एक मोठा ऐब असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडच्या ब्रास बॅण्डची पट्टी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या मध्यापर्यंत चढी होती. आज जगभर ज्या सुरावर वाद्ये जुळवतात तो सेकंदाला ४४० कंपनांचा. ती जुनी पट्टी ४५२ च्या आसपास होती. फरक निम्म्या अर्धस्वराचा. एकटे वाजवले तर कोणाला कळणार नाही. दुसऱ्या ट्रम्पेटशेजारी उभे केले की लग्नघरातले मूलही कानांवर हात ठेवील. काहींच्या नळ्या नंतर वाढवून घेतलेल्या असतात, तेथे जोड दिसतो. अमेरिकेच्या फार जुन्या वाद्यांवर चढ्या पट्टीसाठी एच. पी. आणि उतऱ्या पट्टीसाठी एल. पी. अशी अक्षरे उमटवलेली सापडतात. ती असली तर नीट वाचावीत. बॅण्ड मालकाने आपले जुळवलेले ट्रम्पेट बरोबर नेल्याशिवाय असा सौदा करू नये.

अमेरिकेची चार घराणी

संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ते जुने ट्रॉम्बोन मुख्यतः अमेरिकेचे आहेत, आणि त्यांत चार नावे पुन्हा पुन्हा येतात : कॉन, बाख, किंग आणि ओल्ड्स.

चार्ल्स कॉन हा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला माणूस. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या लहान गावात त्याने १८७० नंतरच्या दशकात रबरी कडेचे माउथपीस बनवण्यापासून सुरुवात केली. १८८३ मध्ये कारखाना जळाला, तो त्याने पुन्हा उभारला. पुढे त्या गावाचेच नाव वाद्यांसाठी प्रसिद्ध झाले. १९१५ मध्ये कार्ल ग्रीनलीफ यांनी धंदा विकत घेतला आणि त्यांच्या काळात कॉनचा माल चांगलाच नावारूपाला आला. या कारखान्याने विजेच्या मुलाम्याच्या पद्धतीने साच्यावर शुद्ध तांबे चढवून बिनजोडाचे बेलही काढले. पण आज सर्वाधिक मागणी आहे ती १९५० च्या दशकात निघालेल्या ८८ एच. या नमुन्याला. नळी ०.५४७ इंच, बेल साडेआठ इंच, पातळ लालसर पितळेचा, मागे झडप. हळू आवाजात हे वाद्य मखमलीसारखे मऊ, थोडे अंधारलेले वाटते, आणि जोर वाढवत नेला की रंग बदलून झळाळते. वादकांना ही रंग बदलण्याची तऱ्हाच आवडते. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात एमरी रेमिंग्टन यांनी १९२२ पासून १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ट्रॉम्बोन शिकवला. त्यांच्या शिष्यांच्या पिढ्यांमुळे कॉनचा हा आवाज अमेरिकेत पसरला.

१९७० च्या सुमारास नव्या मालकांनी कॉनचे पितळी वाद्यांचे काम टेक्सासमधील अॅबिलीन येथे नेले. यंत्रे गेली, नकाशे गेले. एल्कहार्टचे जुने हात सगळे गेले नाहीत. तेव्हापासून बाजारात एल्कहार्टचा कॉन आणि नंतरचा कॉन असे दोन भाव झाले. अॅबिलीनचा प्रत्येक नग वाईट असे समजू नये, पण काम एकसारखे नाही अशी वादकांची तक्रार असे, आणि भाव त्या तक्रारीवरच ठरला. आपल्याकडे मालेगाव-भिवंडीच्या कापडाबाबत बाजाराने एकदा मत बनवले की चांगल्या विणकरालाही त्याचा फटका बसतो, तसेच हे.

बाख हे नाव ऐकून जुना जर्मन संगीतकार आठवेल. त्याचा येथे संबंध नाही. व्हिन्सेंट बाख मूळचे ऑस्ट्रियाचे, शिक्षणाने इंजिनिअर, पेशाने ट्रम्पेटवादक. १९१४ मध्ये ते अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमध्ये १९१८ पासून माउथपीस बनवू लागले, नंतर ट्रम्पेट व ट्रॉम्बोन. १९५३ मध्ये कारखाना माउंट व्हर्नन येथे नेला. १९६१ मध्ये त्यांनी धंदा सेल्मर कंपनीला विकला आणि काही वर्षांत उत्पादन एल्कहार्टला गेले. म्हणजे गंमत पाहा : कॉनच्या बेलवर एल्कहार्ट असेल तर भाव चढतो, आणि बाखवर त्याच एल्कहार्टऐवजी माउंट व्हर्नन किंवा न्यूयॉर्क असेल तर चढतो. गावाचे नाव एकच, एकीकडे ते जुन्याची खूण, दुसरीकडे नव्याची.

बाखचा रुंद नमुना ४२ क्रमांकाचा. नळी आणि बेलचे माप कागदावर कॉन ८८ एच. सारखेच. तरीही दोन्ही वाद्ये हातात घेणारा वादक सांगेल की बाख अधिक घट्ट आहे. प्रत्येक सूर आपल्या खाचेत बसतो, आवाजाला मधे कणा असतो, आणि कितीही जोर केला तरी तो पसरत नाही. कॉनवर सूर थोडा इकडे-तिकडे वळवता येतो. बाख वळू देत नाही. नवशिक्याला बाखची शिस्त बरी, आणि ज्याचा कान पक्का झाला आहे त्याला कॉनची मोकळीक, असे आमचे मत ऐकीव माहितीवर बनले आहे.

किंग हा ओहायो राज्यातील क्लीव्हलंडचा. हेन्डरसन व्हाइट या कारखानदाराने थॉमस किंग या वादकाच्या मदतीने ट्रॉम्बोन घडवला आणि नाव वादकाचे दिले. सचोटीची ही गोष्ट आम्हाला आवडली. किंगचा २ बी. हा नमुना अरुंद. नळीचा एक पाय ०.४८१ आणि दुसरा ०.४९१ इंच. नृत्यसंगीताचा प्रसिद्ध वादक टॉमी डॉर्सी हा वाजवीत असे. आवाज हलका, चमकदार, चपळ. विलायती फुंकनळीपेक्षा अधिक गोड आणि कमी तडतडणारा. थोडा मोठा ३ बी. ०.५०८ इंचाचा, त्यावर जाझवादक जे. जे. जॉन्सन यांनी नाव केले. या नमुन्यांत खऱ्या चांदीचा बेल असलेली एक प्रत निघत असे, तिला सिल्व्हरसॉनिक म्हणत. आपल्याकडे असा नग सापडला आणि काळपट पडलेला असला तर पितळेवरचा मुलामा समजून कोणी देऊन टाकील, म्हणून मुद्दाम लिहिले. हे घराणे १९६५ मध्ये विकले गेले आणि काम क्लीव्हलंडहून जवळच्या ईस्टलेकला गेले. येथेही गावाच्या नावावर भाव पालटतो.

ओल्ड्सविषयी थोडक्यात. हा लॉस एंजेलिसचा, नंतर फुलर्टनचा कारखाना, १९७९ मध्ये बंद झाला. वरच्या प्रतीच्या वाद्यांत बेलच्या कडेला जाड कडे आणि स्लाइडच्या नळ्यांवर उभ्या खाचा अशा कल्पना त्याने लढवल्या. आवाज गडद, आटोपशीर. त्याचा अँबॅसडर हा विद्यार्थ्यांचा नमुना विपुल निघाला. दणकट, सरळ, भाव माफक. बॅण्डसाठी जुने वाद्य घ्यायचे तर आम्ही नावापेक्षा अशा दणकट नमुन्याकडे पाहू.

परद्यामागून

मुंबईच्या चित्रपट-संगीतातील वाद्यवृंदांत गोव्याचे वादक फार मोठ्या संख्येने होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्यापैकी एका निवृत्त वृद्ध वादकाशी आमची ओळख आहे. त्यांनी आमच्या विनंतीवरून तीन वाद्ये जमवली : एक विलायती अरुंद, एक कॉन रुंद, एक बाख रुंद. आम्ही म्हटले, आमच्या गोदामात या, जागा भरपूर आहे. ते हसले. म्हणाले, “शेठ, तुमच्या गोदामात तोफ उडवली तरी ऐकू येणार नाही. कापड आवाज खाते.” शेवटी जिन्याच्या चौकात बसलो आणि मध्ये एक चादर बांधली.

अरुंद आणि रुंद यांतला फरक आम्हालाही प्रत्येक वेळी ओळखता आला. कॉन आणि बाख हळू वाजवले तेव्हा आमची ओळख निम्म्या वेळा चुकली, म्हणजे नाणे उडवावे तशी. जोरात वाजवले तेव्हा थोडा अंदाज येऊ लागला. स्वतः वादक मात्र म्हणत होते की त्यांच्या ओठांना आणि हाताला दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

यावर शास्त्रज्ञांनीही काम केले आहे. बोसी अँड हॉक्समध्ये काम केलेले ध्वनिशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याचे बेल बनवून ते अनुभवी वादकांना डोळे बांधून वाजवायला दिले. वादकांना ते ओळखता आले नाहीत. यावरून आम्ही एवढेच घेतो की धातूच्या नावाने जो भाव सांगितला जातो त्यातला बराचसा डोळ्यांचा भाव आहे. आकाराचे मात्र तसे नाही. जोरात फुंकल्यावर आवाज का तडकतो, याचा उलगडा १९९६ मध्ये नेदरलँड्स व फ्रान्सच्या संशोधकांनी केला : लांब सरळ नळीतून जाताना जोरदार आवाजाच्या लाटेचा पुढचा काठ उभा होत जातो आणि शेवटी गोळीच्या आवाजासारखी धक्का-लहर बनते. नळी अरुंद आणि सरळ असेल तर हे लवकर घडते. विलायती ट्रॉम्बोन का तडतडतो, त्याचे उत्तर यात आहे. ते नक्षीत किंवा पॉलिशमध्ये नाही.

स्लाइड हाच खरा माल

त्या वृद्ध वादकाने आम्हाला आणखी एक वाक्य ऐकवले : “आवाज नंतर, आधी स्लाइड बघा.” बेलवरचा पोचा कारागीर काढू शकतो. डाख सुटला तर पुन्हा देता येतो. स्लाइड झिजली किंवा वाकली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च कित्येकदा वाद्याच्या किमतीला भारी पडतो.

आतल्या दोन नळ्यांचे खालचे चार-पाच इंच किंचित जाड असतात. बाहेरची नळी फक्त तेवढ्याच भागाला टेकून सरकते. या भागाला इंग्रजीत पायमोजाच म्हणतात, स्टॉकिंग. तो झिजला, त्यावरचा मुलामा उडून आतला धातू दिसू लागला, की स्लाइड खरखरते आणि हवा गळते. म्हणून दुकानात प्रथम स्लाइड बाहेर काढून या पायमोज्यांवर बोट फिरवावे. चरे, खड्डे, उडालेला मुलामा बोटाला लागतो.

दुसरी परीक्षा हवेची. बेल वेगळा करावा, स्लाइड उभी धरावी, वरची दोन्ही तोंडे बोटांनी घट्ट बंद करावीत आणि खाली हात ठेवून बाहेरची नळी सोडावी. ती जागीच थांबली किंवा अगदी सावकाश उतरली तर हवा गळत नाही. बोट काढताच ती आपल्या वजनाने सरसर खाली आली पाहिजे. अडखळली तर नळी वाकलेली आहे. खाली हात ठेवायला विसरू नये. फरशीवर आपटलेली स्लाइड परत पूर्वीसारखी होणे कठीण.

तिसरे, गुलाबी डाग. पितळेतील जस्त वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने निघून जाते आणि मागे पोकळ तांबे राहते. वरून मधे काळा ठिपका असलेले गुलाबी वर्तुळ दिसते. हा डाग आतून बाहेर आलेला असतो, म्हणजे पत्रा तेथे सडला. त्याला इलाज नाही, नळीच बदलावी लागते. स्लाइडच्या खालच्या वळणात आणि माउथपीस बसते तेथे तो जास्त आढळतो. आपले काही बंधू असा माल बफ मारून चकचकीत करतात. बफने डाग क्षणभर झाकला जातो, नक्षी आणि क्रमांक पुसट होतात आणि आधीच पातळ झालेला पत्रा आणखी पातळ होतो. जाणकार गिऱ्हाईक असे वाद्य हातातही घेत नाही. जुना लॅकर, जुना काळपटपणा तसाच राहू द्यावा. मऊ कपड्याने धूळ पुसली की पुरे.

क्रमांकही पाहावा. बेल आणि स्लाइड दोन्हींवर असेल तर तो जुळतो का ते तपासावे, कारण दोन मोडक्या वाद्यांचे एक करून विकलेले नग पुष्कळ फिरतात. अमेरिकी घराण्यांच्या क्रमांकांवरून वर्ष काढण्याच्या याद्या संग्राहकांनी तयार केलेल्या आहेत.

मेरठकडे पाहता

उत्तर प्रदेशात मेरठच्या जली कोठी भागात बॅण्डच्या पितळी वाद्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि ते करणारे बहुतेक कारागीर मुसलमान आहेत. तेथील नादिर अली आणि कंपनी १८८५ पासूनची, म्हणजे बाखच्या कारखान्याहून तीसेक वर्षांनी जुनी. पत्रा कापणे, दोन कडा दातेरी करून जोडणे, झाळणे, लोखंडी साच्यावर ठोकून बेलला आकार देणे, नळीत राळ किंवा शिसे भरून ती न चेपता वळवणे, हा हुनर मेरठच्या हातांना नवा नाही. एल्कहार्टच्या जुन्या कारागिरांकडेही मूळ हुनर हाच होता.

मग कमी काय आहे? आमच्या मते माप. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे शायर्स, इंग्लंडचे रॅथ असे तुलनेने लहान कारखाने जुन्या कॉन व बाखची मापे घेऊन, गिऱ्हाइकाच्या पसंतीने बेल, स्लाइड, नळी वेगवेगळी जोडून वाद्य देतात आणि चांगला दाम घेतात. स्लाइडच्या आतल्या-बाहेरच्या नळ्यांमधले अंतर इंचाच्या काही हजारांश भागांत ठेवावे लागते. ते डोळ्याच्या अंदाजाने होत नाही, त्यासाठी मोजमापाची साधने आणि ती वापरणारा शिकलेला मुलगा लागतो. बेल ठोकणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांच्या घरातील एका मुलाने टूलरूमचे शिक्षण घेऊन त्याच कारखान्यात परत यावे, तर काय होईल ते पाहण्यासारखे आहे. सध्या तो मुलगा बहुधा दुसऱ्या नोकरीच्या शोधात शहर सोडतो.

विकताना

जुना ट्रॉम्बोन हाती आला तर तोलण्याआधी बेलवरचे नाव, गावाचे नाव आणि क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, स्लाइड तपासावी, आणि जे दिसले ते गिऱ्हाइकाला सांगावे. ऐब लपवून केलेला सौदा आपल्या दीनमध्ये कसा मानला जातो हे आमच्यापेक्षा वाचकांना अधिक माहीत आहे. या धंद्यात तर तो लपतही नाही, घरी जाऊन पहिली फुंक मारताच उघडा पडतो. पट्टी चढी असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. असे वाद्य शोभेसाठी किंवा संग्रहासाठी घेणारेही असतात, त्यांना त्याची अडचण नसते.

पेटीत माउथपीस असेल तर ते वेगळे काढून विकू नये. जुन्या कॉनच्या रुंद नमुन्यांत माउथपीसच्या दांड्याचा उतार आजच्या मापाहून निराळा असे, विलायती अरुंद वाद्यांचा त्याहूनही निराळा. दुसरे माउथपीस त्यात एक तर डगमगते किंवा अर्ध्यावर अडते, आणि चांगले वाद्यही बेसूर ठरून परत येते. माउथपीस आत अडकून बसले असेल तर पक्कडीने पिळून काढू नये. आतली पातळ नळी त्याच्याबरोबर पिळली जाते. ते ओढून काढण्याचे स्क्रूचे साधन बॅण्डच्या वाद्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे असते आणि त्यांना त्या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.